खामकाठचा बेगमपुरा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही बेगमपुऱ्यातल्या बाया बोलतोय. तुम्ही छत्रपती संभाजीनगरला आलात की बीबी का मकबरा बघता, पाणचक्की बघता, चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर येता. या तिन्ही ठिकाणांच्या मधे आमची वस्ती आहे. रिक्षातून जाताना जुनी दारं दिसतात, बारीक गल्ल्या दिसतात, गच्चीवर वाळत घातलेले पोरांचे कपडे दिसतात. थांबत मात्र कुणी नाही. या वस्तीत आजवर कोण कोण राहून गेलं आणि ती टिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आज सांगायचंय. ऐकता ऐकता तुम्हाला तुमचंच गाव आठवेल, कारण शेवटी जो कायदा सांगणार आहोत तो तुमच्यापैकी काहींच्या दारातही उभा आहे.

आधी पाण्याचं सांगतो. कुठल्याही वस्तीचं मूळ पाण्यात असतं, हे बायांना वेगळं सांगायला नको. हे शहर म्हणजे पूर्वीचं खडकी गाव. १६१० साली मलिक अंबरने इथे राजधानी वसवली. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला, हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हिंदुस्थानात आला आणि पुढे निजामशाहीचा सगळा कारभार त्याच्या हाती आला. खडकीला नावाप्रमाणे खडक भरपूर आणि पाणी कमी. मलिक अंबरने डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. मोटार नाही, पंप नाही. नुसत्या उतारावर पाणी चालतं. जमिनीखाली दगडी बांधकामाची वाट आणि खापरी नळ, आणि मधे मधे उंच चौकोनी मनोरे, त्यांना आमच्याकडे बंब म्हणतात. पाण्यात अडकलेली हवा तिथून निघून जाते, पाण्याचा जोर आवरला जातो आणि पाणी पुढे सरकतं. यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे आणखी नहरी झाल्या. आमच्या बेगमपुऱ्यातला थत्ते हौद हाही नहरीच्याच पाण्याचा. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या या कारागिरांची आठवण आम्हाला जास्तच येते.

१६५३ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि गावाचं नाव औरंगाबाद पडलं. त्याच्याबरोबर फौज आली, फौजेबरोबर राजपूत सरदार आले, कारागीर आले, व्यापारी आले, फकीर आले. ज्याने त्याने आपापला पुरा वसवला. जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. ऐकून बघा, सगळी पुरुषांची नावं. त्यात बाईच्या नावाने ओळखला जाणारा आमचा बेगमपुरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली, तिची कबर म्हणजे मकबरा. त्याच्या मोठ्या दारावर बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. पुढच्या वेळी तिकीट काढून आत शिरताना दाराकडे जरा बघा. राजाचं नाव सगळे घेतात, गवंड्याचं नाव क्वचितच कुणी लिहून ठेवतं.

आता पाणचक्की. खाम नदीच्या काठावर महमूद दरवाजाला लागून बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे बाबा तिकडे मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडचे. नावातच मुसाफिर. त्यांच्याकडे फिरस्ते फकीर यायचे, कुणी वर्षभर राहायचं, कुणी चार दिवस. नोकरी सुटलेले शिपाई यायचे, गावाकडची वाट चुकलेले यायचे. त्या तकियात कोण आलं, कोण काय बोललं, कुणाचं भांडण झालं, याच्या आठवणी फारसीत लिहून ठेवलेल्या आहेत. सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००१ साली छापून आलं. एवढ्या माणसांना भाकरी लागणार. भाकरीला पीठ लागणार. आणि पीठ कोण दळणार? अठराव्या शतकात इथे हर्सूलच्या बाजूने नहर आणली, पाणी भिंतीवर चढवून हौदात सोडलं आणि त्या पाण्याच्या जोरावर चक्र फिरवून वरचं जातं फिरवलं. यात्रेकरूंचं, फकिरांचं, तिथे शिकणाऱ्या मुलांचं दळण पाण्यावर होऊ लागलं. मोठा हौद वर आणि त्याच्या खाली दालन, हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे गारवा. उरलेलं पाणी खामेत.

पहाटे उठून जात्यावर बसलेल्या आपल्या आज्या डोळ्यांसमोर आणा आणि मग पाणचक्की बघा. पर्यटकांना ती गंमत वाटते. आम्हाला वाटतं, अडीचशे वर्षांहून आधी कुणीतरी दळणाचे कष्ट पाण्यावर सोपवले, तेही राजवाड्यासाठी नाही, फकिरांच्या भटारखान्यासाठी.

जिथे फिरस्ते राहतात तिथे गाणं आणि कविता आपोआप येते. औरंगाबादचा वली. १६६७ च्या सुमाराचा जन्म. त्याने दख्खनी बोलीत गझल लिहिली. त्या वेळी दिल्लीतले कवी फारसीत लिहायचे, घरातल्या बोलीत कविता होते हे त्यांना पटत नव्हतं. वली दिल्लीला गेला, नंतर त्याचा दीवान तिथे पोहोचला आणि दिल्लीवाले बोलीत लिहू लागले. म्हणजे उर्दू गझलेची वाट इथून तिकडे गेली आहे. त्याच्यानंतरचा सिराज औरंगाबादी. तरुणपणी घरदार सोडून, देहभान विसरून खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याकडे भटकत राहायचा असं त्याच्याबद्दल सांगतात. घरच्यांनी वेडा ठरवला असेल. पण त्याची एक गझल आजही हिंदुस्थानात आणि पाकिस्तानात कव्वाल गातात. जवळच्या काळातले सांगायचे तर वैजापूरचे सिकंदर अली वज्द, नोकरीने न्यायाधीश आणि मनाने शायर. आणि बशर नवाज, २०१५ साली गेले. 'बाजार' सिनेमात भूपिंदर सिंग यांनी गायलेली गझल तुम्ही रेडिओवर ऐकलीच असेल. ती या बशर नवाज यांची.

आता नदीच्या याच बाजूला नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे कॉलेज सुरू केलं, पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यातले प्रश्नोत्तर 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथात आहेत. राजाने विचारावं आणि भिक्खूने न भिता उत्तर द्यावं, अशी ती चर्चा. त्या नावात बाबासाहेबांनी काय सांगितलं ते बघा. तुमच्या-आमच्या घरातली, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाटी धरली नव्हती अशी मुलं इथे आली. १९५८ साली विद्यापीठ झालं. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, मुलांनी ते केलं. गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८ च्या सुमारास 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक सुरू केलं. खेड्यातून आलेल्या किती तरी पोरांची पहिली कविता, पहिली गोष्ट त्यात छापून आली. ज्यांच्या हातून कुणी पाणी पीत नव्हतं त्यांचं लिहिलेलं लोक विकत घेऊन वाचू लागले.

१९७८ साली विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात काय जळालं ते तुमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. दरवर्षी त्या दिवशी गेटवर येणाऱ्या गर्दीत अर्ध्याहून जास्त बायाच दिसतात. आमच्या अंगणात बसून शिदोरी सोडणाऱ्याही पुष्कळ.

तर अशी ही पट्टी. पाणचक्कीपासून विद्यापीठापर्यंत चालत पाऊण तास लागत असेल. फकीर, शायर, कवी, नाटकवाले, विद्यार्थी. घरच्यांच्या भाषेत बोलायचं तर सगळे बिनकामाचे. नाटकवाल्यांचं थोडं आणखी सांगतो. याच शहरात प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांच्या मित्रांनी 'जिगीषा' ही संस्था उभी केली. पुढे 'चारचौघी' नाटक आलं. आई आणि तीन लेकी, चौघी आपापल्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेतात. १९९१ साली ते रंगभूमीवर आलं तेव्हा लोक हादरले होते.

विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायला येणारी पोरं आमच्याकडे खोल्या घेऊन राहतात. आम्ही डबे देतो, म्हणून आम्हाला ती जवळून माहीत. डब्याचे पैसे थकले की गावाकडून ज्वारीचं पोतं आणणारी पोरं बघितलीत. रात्री गच्चीवर मोठ्याने संवाद म्हणणाऱ्याला शेजारची म्हातारी ओरडायची, 'अरे, कोण मेलं?' आणि तो म्हणायचा, 'अजून नाही आजी, तिसऱ्या अंकात मरतो.' आता नाटकवाली कमी झाली. स्पर्धा परीक्षेची पोरं जास्त. ती गच्चीवर जात नाहीत, खोलीतून बाहेरच पडत नाहीत. त्यांचीही काळजी वाटते, पण तो वेगळा विषय.

ही वस्ती बिनकामाच्या माणसांना का धरून राहिली? आमचं उत्तर साधं आहे. घरं जुनी, म्हणून भाडं कमी. मधे चौक, म्हणून चार खोल्यांची माणसं एकमेकांना रोज भेटणार. भेंडीची भाजी कुठे आहे हे विचारता विचारता कवितेचं बोलणं निघणार. वीस मजली इमारतीत डिपॉझिटच पन्नास हजार मागतील, तिथे कवी राहील कसा? जुनं घर पडलं की नुसत्या विटा पडत नाहीत, स्वस्त खोली जाते. वारसा वाचवायला येणारी शहाणी माणसं कमानीचं माप घेतात, नक्षीचा फोटो काढतात. खोलीचं भाडं कुणी विचारत नाही.

आता काय काय चाललंय ते बघा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आपलं नाव, त्यातले मोजकेच उभे आहेत. आमच्याकडे येण्याचा मकई दरवाजा आणि पाणचक्कीचा महमूद दरवाजा यांच्या कमानीतून वर्षानुवर्षं गाड्या गेल्या. टेम्पोने घासून दगड झिजले. बाजूने वेगळा पूल हवा, ही इथली फार जुनी मागणी. गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटीच्या कामात काही दरवाजांची डागडुजी झाली, दिवे लागले. चांगलंच झालं. खाम नदीतला कचरा काढायचं कामही सुरू झालं. पूर्वी नाक दाबून जावं लागायचं तिथे आता काही ठिकाणी लोक फिरायला येतात. हे काम करणाऱ्यांत सफाईच्या बाया पुढे आहेत, त्यांचं कौतुक उद्घाटनाच्या फलकावर नसतं म्हणून इथे करतो. नहरीचं मात्र दुखणं वाईट आहे. ती जमिनीखाली, दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणी बोअर घेतो, कुणी गटाराचा पाइप घालतो. पडलेला दरवाजा तरी फोटोत दिसतो. नहर फुटली की फक्त हौदाचं पाणी कमी होतं, ते बायांना कळतं.

हिमरूचंही तेच. सुती ताणा, रेशमी बाणा, मागच्या बाजूला सुटे धागे राहतात, म्हणून कापड मऊ आणि उबदार. निजामाच्या काळी त्याच्या शेरवान्या व्हायच्या. आज हातमागावर विणणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. मकबऱ्याजवळ शाल घेताना उलटी करून बघा, विचारा, हातमागाची की मशीनची. पैठणीबाबत आपण विचारतो तसं.

आता तो कायदा. मकबरा हे केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम करायचं तर परवानगी घ्यावी लागते. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देवगिरी किल्ल्याखालच्या दौलताबादला, वेरूळला राहणाऱ्या बायांनो, हे तुम्हालाही लागू.

कायदा वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. तो नसता तर मकबऱ्याला लागून कधीच हॉटेलं उभी राहिली असती. पण ज्या घरातली भिंत पावसात खचली त्या बाईला हा कायदा कुणी समजावून सांगत नाही. आमच्या गटातल्या एकीची मागची भिंत आषाढात बसली. कुणी म्हणालं, इथे वीटसुद्धा लावता येत नाही. कुणी म्हणालं, चार पैसे दे, रात्रीत बांधून घे. एका बिल्डरचा माणूस येऊन गेला, घरच विकून टाका म्हणाला. एका कार्यालयात तिचा अर्ज तीनदा परत आला, दरवेळी नवा कागद कमी. दोन पावसाळे ताडपत्री लावून काढले तिने.

मग आम्ही एका ओळखीच्या वकीलबाईंना बसवून कायदा मराठीत समजून घेतला. त्यात दोन गोष्टी हाती लागल्या, त्या तुम्हीही लिहून घ्या. एक, १०० मीटरच्या आतलं घर १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. नवं बांधता येत नाही, पण आहे ते सावरता येतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. दुसरी, नाल्या-गटारांची साफसफाई आणि देखभाल, सार्वजनिक संडास, लोकांसाठी पाण्याची आणि विजेची सोय या गोष्टी कायद्याच्या व्याख्येत 'बांधकाम' धरलेल्या नाहीत. त्यामुळे 'स्मारक आहे म्हणून नळ देता येत नाही' असं कुणी सांगितलं, तर लेखी मागा.

म्हणजे सगळा खेळ कागदाचा. घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवायचं कशावरून? जुनी घरपट्टीची पावती, लाइटचं जुनं बिल, सिटी सर्व्हेचा उतारा, रेशनकार्ड, जुना भाडेकरार, घरासमोर काढलेला लग्नाचा फोटो. फोटो एकटा पुरत नाही, पण इतर कागदांना जोर देतो. आमच्याकडे हे कागद बहुतेक ठिकाणी पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली. आणि घर सासऱ्याच्या नावावर, सासरा जाऊन वीस वर्षं झालेली. आधी वारसनोंद, मग अर्ज. आम्ही बचत गटाच्या बैठकीत महिन्याला दोन घरांचे कागद बघायचं ठरवलं. कर्जाचे हप्ते गोळा झाले की पेटी उघडायची. त्या भिंतवालीला तिसऱ्या पावसाळ्याआधी परवानगी मिळाली. भिंत चुन्यात बांधली. जुन्या दगडाला सिमेंट धरत नाही, ओल आतच कोंडते, असं गवंड्याने सांगितलं. चुना कालवणारे गवंडी आता शोधावे लागतात. तुमच्या गावात जुना कुणी असेल तर त्याच्या हाताखाली एखादं पोर द्या, काम पुष्कळ आहे.

बाहेर काय होतं तेही बघितलं पाहिजे. मुंबईत गिरगावात खोताची वाडी आहे, लाकडी जिन्यांच्या बैठ्या घरांची. तिथली निम्म्याहून जास्त जुनी घरं गेली, उरलेली राहणाऱ्यांनीच भांडून राखली. गोव्यात पणजीला फोंतेन्हासची रंगीत घरं राखली, तर फोटो काढणाऱ्यांचा एवढा ताप झाला की लोकांना दारावर पाट्या लावाव्या लागल्या. आणि अहमदाबाद. आपला वली तिथेच वारला, तिथेच त्याची कबर होती. २००२ च्या दंगलीत ती पाडली आणि तिच्यावर डांबरी रस्ता केला. त्याच अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. कुठलं राखायचं आणि कुठलं पुसायचं हे कोण ठरवतं, याचा विचार आम्हाला तेव्हापासून सुटत नाही. आपल्या शहराचं नाव बदललं, २०२३ पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर झालं. नावावरून लोक तावातावाने बोलतात. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंची माणसं राहतात. भिंत खचते तेव्हा ती कुणाची बाजू बघत नाही.

सध्या आम्ही एक वही केली आहे. कुठल्या घरात कोणत्या साली कोण विद्यार्थी राहायचा, ते म्हाताऱ्या घरमालकिणींकडून विचारून लिहितो. पुष्कळांना नाव आठवत नाही, 'तो जालन्याचा, चहात साखर न घालणारा' एवढंच आठवतं. म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या घरातला, भावकीतला कुणी मिलिंदला किंवा विद्यापीठात शिकायला होता आणि बेगमपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात खोली करून राहिला होता का, ते विचारा. गल्ली, घर, साल, भाडं किती होतं, डबा कुठून यायचा, जेवढं आठवेल तेवढं. जुनं पत्र किंवा भाड्याची पावती असेल तर तिची झेरॉक्स काढून या रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा. १९९२ च्या आधीची पावती असेल तर लवकर पाठवा. इथे आणखी सहा घरांचे अर्ज लिहायचे आहेत.